कोठ्याचा हिशेब

पांढुर्णा-सौंसरच्या संत्रा बागायतदाराला आता शेणखत विकत आणावे लागते. आंबिया बहाराचा ताण तोडायची वेळ जवळ आली की गावोगाव ट्रॉल्यांची शोधाशोध सुरू होते. भावावरून घासाघीस होते, ट्रॉलीत निम्मी मातीच निघाली म्हणून बोलाचाली होते, आणि तरीही माल मिळाला यातच समाधान मानून लोक पैसे मोजतात. त्याच गावात चार घरे पलीकडे जाऊन दोन गाई बाळगणाऱ्याला विचारा. तो सांगेल, जनावर परवडत नाही, पोळा झाला की एक काढून टाकायचे आहे. शेणाला गिऱ्हाईक आहे, दुधाला गिऱ्हाईक आहे, आणि ही दोन्ही देणारे जनावर मात्र तोट्यात आहे. असे का होते याचा विचार आपल्याकडे फार वरवर झाला. दुधाला भाव नाही, हे एकच उत्तर सगळ्यांच्या तोंडी बसले. ते खोटे नाही, पण अपुरे आहे.

सातपुड्याच्या कुशीतल्या आणि पायथ्याच्या गावांत दोन-चार जनावरांचा कोठा पिढ्यान्‌पिढ्या टिकला, तो शेतीचा भाग म्हणून. शेतातले कुटार त्याने खाल्ले, शेताला खत दिले, नांगराला बैल दिले, घराला दूध दिले आणि उरलेले विकले. या जनावराला शेतीपासून सोडवून, कर्ज काढून, विकतच्या खुराकावर उभे करून निव्वळ लिटर मोजायला बसलो की हिशेब बुडतो. आणि गेल्या काही दशकांतल्या बहुतेक योजनांनी नेमके हेच करायला सांगितले आहे. डोंगराळ भागातल्या छोट्या दुग्धव्यवसायाबद्दल माझे म्हणणे एवढेच आहे. ते भावनेपोटी म्हणत नाही, आकड्यांच्या आधारे म्हणतो.

आधी जमीन पाहू. नागपूरहून छिंदवाड्याला निघालात तर सौंसर, रामाकोना मागे टाकून सिल्लेवानीचा घाट चढावा लागतो. घाटावर छिंदवाड्याचे पठार, खाली कन्हान आणि जाम यांची खोरी. पांढुर्णा पश्चिमेला, जाम नदीच्या काठी, इटारसी-नागपूर रेल्वेमार्गावर. खोऱ्यात काळी जमीन, तिच्यावर पऱ्हाटी आणि विहिरीच्या पाण्यावर संत्रा. पण खोऱ्याच्या कडेने, नांदनवाडीकडे किंवा घाटाच्या अंगाने वर सरकले की बरड सुरू होते. मुरमाड, उतारावरची, पावसाचे पाणी न थांबणारी जमीन. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. त्यात मैदान आणि डोंगर दोन्ही आले आहेत, आणि गुरांच्या बाबतीत या दोहोंचे नाते फार जुने आहे. खोऱ्यातले शेतकरी पावसाळ्यात गुरे वर चराईला पाठवत, डोंगरातले लोक खाली बैल आणि तूप विकत.

या भागाची स्वतःची गाय आहे, गवळाऊ. वर्धा, नागपूर, छिंदवाडा, बालाघाट हा तिचा मुलूख. पांढरी, लांबट चेहऱ्याची, अंगाने हलकी. मराठ्यांच्या फौजांना डोंगरातून सामान झपाट्याने वाहून नेणारे बैल हवे होते, त्यातून या जातीची निवड होत गेली, असे जनावरांच्या जातींच्या जुन्या नोंदी सांगतात. म्हणजे गवळाऊचा लौकिक तिच्या बैलामुळे. दुधाला ती कमी. एका वेतात साधारण ६०० लिटर. तिच्या जोडीला नागपुरी म्हैस, तलवारीसारख्या लांब, मागे वळलेल्या शिंगांची. ती वेताला हजार लिटरच्या आसपास देते, पण दुधाला फॅट सातच्या पुढे. उन्हाळ्यात पारा ४५ला टेकतो त्या मुलखात ही दोन जनावरे कडब्यावर आणि कुटारावर तग धरतात. त्यांची खरी किंमत इथे आहे, आणि कुठल्याही दुधाच्या चिठ्ठीवर ती छापून येत नाही.

आता संकरित गाईचा हिशेब मांडू. भाव गावागणिक बदलतात, म्हणून हे आकडे केवळ उदाहरणादाखल घ्या. समजा, ७० हजारांचे कर्ज काढून जर्सी संकरित गाय आणली. ती ३०० दिवस सरासरी आठ लिटर दूध देते. गाईच्या दुधाला लिटरला ३० रुपये धरू. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली काही काळ दूध संघांना द्यायला सांगितलेला भाव तेवढाच होता. एकूण आले ७२ हजार. आता खुराक. जनावराच्या पोटासाठी दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, हा सर्वमान्य ठोकताळा. म्हणजे रोज ४.७ किलो. ढेप-पशुखाद्याचा भाव किलोला ३० रुपये धरला तर दुधाच्या ३०० दिवसांत ४२ हजार गेले. गाय आटल्यावरचे १०० दिवस खुराक निम्म्याहून कमी केला तरी सहा हजार. कोरडा चारा रोज सहा किलो, ४०० दिवसांचा २४ क्विंटल, विकत घेतला तर १३ हजारांच्या घरात. राहिले ११ हजार. ७० हजारांवर दहा टक्क्यांनी ४०० दिवसांचे व्याज साडेसात हजारांच्या पुढे. उरले साडेतीन हजारही नाहीत. रेतनाची फी, औषध, विमा, मुद्दलाचा हप्ता, हिरवा चारा, पाणी यातले काहीच अजून धरलेले नाही. शेण काढणे, दूध काढणे, चारा कापणे यांची मजुरी तर शून्यच धरली आहे.

हा हिशेब सगळे सुरळीत चालले तरचा आहे. गाय वेळेवर गाभण राहिली नाही, कासेला सूज आली, किंवा २०२२ सारखी लंपीची साथ आली, तर जे होते ते कागदावर मांडायची गरज नाही. मोठ्या गोठ्यात ४० गाईंपैकी पाच आटलेल्या असतात आणि ३५ दूध देत असतात. पैसा रोज फिरत राहतो. एका गाईच्या घरात गाय आटली की उत्पन्न सरळ शून्यावर येते आणि बँकेचा हप्ता मात्र तसाच उभा असतो. छोट्याचा तोटा भावापेक्षा या आटलेल्या १०० दिवसांत जास्त लपलेला आहे.

गवळाऊकडे पाहा. वेताला ६०० लिटर, त्याच भावाने १८ हजार. दूध चालू असेपर्यंत, म्हणजे अडीचशे दिवस, रोज किलोभर ढेप घातली तर साडेसात हजार गेले. उरले साडेदहा हजार, आणि कर्ज नाही. आठ लिटरवाली गाय आणि अडीच लिटरवाली गाय व्याजाआधी जवळजवळ एकाच जागी येऊन उभ्या राहतात. कोणी म्हणेल, संकरित गाईला चारा विकत धरला आणि गवळाऊला फुकट, ही लबाडी झाली. आक्षेप रास्त आहे. गवळाऊलाही सगळा चारा विकत घालावा लागला तर तिचाही हिशेब कोसळतो, किंबहुना आधी कोसळतो. ती चरते, घरचे कुटार खाते, म्हणूनच ती परवडते. त्यामुळे कुठली जात चांगली हा वाद दुय्यम ठरतो आणि प्रश्न चाऱ्यावर येऊन थांबतो: गावात चारा आहे का?

तर तो उरलेला नाही. आणि तो कसा गेला हे नीट पाहिल्याशिवाय दुधाच्या भावाची चर्चा पुढे नेण्यात अर्थ नाही.

पूर्वी इथे ज्वारी होती. ज्वारी म्हणजे घरात भाकर आणि कोठ्यात कडबा. सोयाबीन आले आणि ज्वारी गेली. सोयाबीनचे कुटार गुरे नाइलाजाने खातात. कडब्याची बरोबरी त्याला नाही. पऱ्हाटी वेचणी संपल्यावर चार दिवस चरायला मिळते, मग तिचे सरपण. संत्र्याच्या बागेत गुरांना पाय ठेवू देत नाहीत, आणि त्यात बागवानाची चूक नाही. घाटावर मका वाढला आहे, छिंदवाड्याची ओळखच आता मक्याची झाली आहे. पण मक्याचे धांडे कुट्टी न करता टाकले तर जनावर पाने ओरबाडते आणि बाकीचे पायाखाली तुडवते. कित्येक शेतांत ते उभेच जाळले जातात. खाली खोऱ्यात एप्रिल-मे महिन्यांत कडब्याची पेंढी शोधत माणसे हिंडतात आणि वर घाटावर धांडे जळतात, यातले अंतर एका ट्रकच्या भाड्याचे आहे.

दुसरी गोष्ट चरनोईची. मध्य प्रदेशात गावाच्या चराऊ जमिनीला चरनोई म्हणतात. दिग्विजय सिंह यांच्या राजवटीत चरनोईचे राखीव प्रमाण कमी करून त्यातली जमीन दलित-आदिवासी भूमिहीनांना पट्ट्याने देण्याचे धोरण आले. भूमिहीनाला जमीन मिळाली हे योग्यच झाले, आणि त्याविरुद्ध बोलणाऱ्यांमध्ये मी नाही. पण चराई कमी झाली तेव्हा गावाच्या चाऱ्याची दुसरी सोय कोणी लावली नाही. उरलेल्या चरनोईवर अतिक्रमणे झाली, आणि ती भूमिहीनांची नव्हती. पुढे जंगलाच्या बाजूने बंदी वाढली. सकाळी आखरावर गावची गुरे गोळा व्हायची, गायकी ती घेऊन डोंगराकडे निघायचा, त्याचे वर्षाचे धान्य ठरलेले असायचे. ती व्यवस्था एकेका गावातून मिटली. गोवारी समाजाचे तर हेच पिढीजात काम. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात आपल्या हक्कांसाठी जमलेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जीव गेले. त्या मोर्चाची मागणी अनुसूचित जमातीच्या दर्जाची होती. पण ती माणसे ज्या धंद्यातून उठली होती तो धंदा का मोडला, हे कुठल्याच सरकारी अहवालाच्या मध्यभागी आले नाही.

चारा गेल्यावर उरते ढेप. सरकी इथल्याच कापसाची, जिनिंगमध्ये निघालेली. पण ढेपेचा भाव इथे ठरत नाही. ती वायदेबाजारात विकली जाणारी वस्तू आहे आणि अकोला हे तिचे मुख्य केंद्र. म्हणजे शेतकरी आपल्याच शेतातली सरकी कापसाबरोबर विकतो आणि तीच ढेप होऊन देशभराच्या भावाने पोत्यातून परत घेतो. दूध विकताना मात्र त्याच्या हातात भाव नाही. एका बाजूला खुला बाजार, दुसऱ्या बाजूला ठरवून दिलेला दर, आणि मधे दोन गाईंचा मालक.

सकाळी संकलन केंद्रावर जरा वेळ उभे राहिले की हा पेच डोळ्यांनी दिसतो. बाई किटली पुढे करते, पोरगा मापट्याने ढवळून नमुना काढतो, यंत्राच्या नळीखाली धरतो. मिनिटभरात चिठ्ठी बाहेर येते: फॅट ३.६, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) ८.१. अपेक्षित आहे ३.५ आणि ८.५. फॅट बरा आहे, पण एसएनएफ कमी म्हणून दर कापला जातो आणि पोरगा सहज बोलून जातो, पाणी घातले का मावशी. मावशीने थेंबभर पाणी घातलेले नसते. गाईला पोटभर चारा नाही, वर मे महिन्याचे ऊन, म्हणजे एसएनएफ आपोआप खाली येतो. हे पशुवैद्यकाला ठाऊक आहे, यंत्राला ठाऊक नाही. चाऱ्याचा तुटवडा असा दोनदा मारतो: आधी दूध कमी करतो आणि मग कमी झालेल्या दुधाचा दरही कमी करतो. वर खोटेपणाचा आळ येतो तो वेगळा.

हे सगळे माहीत असूनही योजना गाय वाटायच्याच निघतात. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. वर्धा त्यात होता, म्हणजे गवळाऊचा अगदी गाभ्याचा मुलूख. पॅकेजात निम्म्या अनुदानावर दुभती जनावरे वाटण्याचा कार्यक्रम होता. खर्चिक संकरित गाई अशा घरांत गेल्या जिथे माणसांच्या पोटाची भ्रांत होती. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी लिहिले होते की ज्यांना गाय मिळाली ते तिच्या खाण्याने हवालदिल झाले आहेत आणि ती कोणी तरी घेऊन जावी अशी विनवणी करत आहेत. मदत म्हणून दिलेली वस्तू त्या घरातल्या माणसांपेक्षा जास्त खात होती. ज्यांनी ही योजना आखली त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर कोल्हापूर होते, आणंद होते.

कोल्हापूरचे उदाहरण सतत दिले जाते म्हणून त्याबद्दल थोडे. १९६३ साली स्थापन झालेल्या तिथल्या जिल्हा संघाने, म्हणजे गोकुळने, छोट्या उत्पादकाला खरोखर उभे केले. त्याचे मोल मला मान्य आहे. पण तिथे उसाची वाढी आहेत, नदीचे पाणी आहे, हिरवा चारा बांधावर उगवतो. संगमनेरनेही पाण्याच्या आणि संघटनेच्या जोरावर काम केले. सहकाराची घडी तिथून उचलून आणता येते. उसाची वाढी आणता येत नाहीत. बरडावरच्या गावाला बागायती गावाचा गोठा दिला तर तो चाऱ्यासाठी आयुष्यभर बाजाराचा मिंधा राहतो. आज देशाचे दूध वर्षाला २४ कोटी टनांच्या आसपास गेले आहे आणि त्यात भारत जगात पहिला आहे. त्या आकड्यात सातपुड्यातल्या घराचे दूध किती आणि त्या घराला त्यातून काय राहिले, हा प्रश्न त्या यशाने सुटत नाही.

आता पुन्हा शेणखताकडे येऊ, कारण आमच्या भागाचा निकाल माझ्या मते तिथे लागतो. संत्र्याच्या पूर्ण वाढलेल्या झाडाला वर्षाला ४० ते ५० किलो शेणखत द्यावे अशी शिफारस आहे. सहा बाय सहा मीटरवर लागवड असेल तर एकरात ११२ झाडे बसतात. म्हणजे एकराला पाच टनांच्या आसपास खत. मोठे जनावर दिवसाला दहा-पंधरा किलो शेण टाकते. वर्षाचे चार टन, कुजून साधारण निम्मे. तेव्हा एक एकर बाग नीट पोसायला अडीच-तीन जनावरे लागतात. संत्रा हे या जिल्ह्याचे नगदी पीक, आणि त्याच्या मुळाशी तीन जनावरांचा कोठा आहे, ही गोष्ट आपण हिशेबात कधी धरलीच नाही. ट्रॉलीभर खताला हजारो रुपये मोजणारा बागवान कोठ्याच्या वहीत शेणाच्या रकान्यात शून्य लिहितो. बँकेच्या प्रकल्प अहवालात तर तो रकाना एक ओळ भरण्यापुरता असतो. शेणाची किंमत धरली तर गवळाऊ आणि म्हैस संकरित गाईच्या पुढे निघतात, कारण शेण देण्यात त्या मागे नाहीत आणि खाण्यात स्वस्त आहेत.

शेणाला भाव लावण्याचा प्रयोग शेजारच्या राज्यात झाला आहे. छत्तीसगडने जुलै २०२० मध्ये, हरेली सणाला, गोधन न्याय योजना सुरू करून शेण किलोला दोन रुपयांनी विकत घेतले. तिच्यावर राजकारण झाले आणि सरकार बदलल्यावर ती बंद पडली. मला तिचा सरकारी खरेदीचा भाग पटत नाही. शेण गोळा करून गोदामात नेणे हा उलटा प्रवास आहे. पण दूध न देणाऱ्या गाईचीही रोज काही किंमत आहे, हे एका राज्याने पैशात मांडून दाखवले. आमच्याकडे तर खरेदीदार सरकार असायचीही गरज नाही. बागा दारात आहेत. बागवान आणि कोठेवाला यांच्यात वर्षाचा करार झाला, बागवानाने उन्हाळ्याचा चारा द्यायचा आणि खत घ्यायचे, तर दोघांचे भागते. काही ठिकाणी भाऊबंदांत हे तोंडी चालतेच. मेंढपाळ शेतात कळप बसवतो तेव्हा शेतकरी त्याला धान्य देतो, तोच हा व्यवहार.

भावाचा प्रश्न मी टाळत नाही. इथे आमची अडचण सीमेवरची आहे. भाषा मराठी, बाजार नागपूर, आणि राज्य मध्य प्रदेश. १९५६ च्या पुनर्रचनेत नागपूर गेले, छिंदवाडा राहिला. महाराष्ट्राने २०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागे पाच आणि पुढे सात रुपये अनुदान दिले. ते त्या राज्यातल्या उत्पादकाला. नरखेड-काटोलचा शेतकरी आणि पांढुर्ण्याचा शेतकरी एकाच बाजाराकडे तोंड करून बसलेले, पण हातात पडणारे पैसे वेगळे. तरीही एक गोष्ट आमच्या बाजूची आहे. मध्य प्रदेशचे सहकारी संघ फॅटच्या किलोवर भाव देतात. सात फॅटची म्हैस अशा पद्धतीत आपली किंमत वसूल करते. लिटरचा मोह धरून संकरित गाय आणणारा हा फायदा आपल्याच हाताने सोडतो. हिमाचल प्रदेशाने २०२४ मध्ये गाईच्या दुधाला ४५ आणि म्हशीच्या दुधाला ५५ रुपये किमान भाव ठरवला, पुढच्या वर्षी तो ५१ आणि ६१ केला. डोंगरात दूध गोळा करणे महाग पडते आणि तो भार उत्पादकावर टाकायचा नाही, एवढा साधा विचार त्यामागे आहे. मध्य प्रदेशातल्या डोंगराळ जिल्ह्यांसाठी तो मागायला काहीच हरकत नाही.

डोंगरातून खरे तर दूध कधी खाली येतच नसे. यायचे ते तूप आणि खवा. दूध नासते, जड असते, लिटरभर नेण्याचा खर्च त्याच्या किमतीच्या मानाने मोठा; खवा केला की पाच लिटर म्हशीच्या दुधाचे ओझे एका किलोवर येते. मेळघाटात चिखलदऱ्याचे गवळी खव्यासाठीच ओळखले जातात. फ्रान्सच्या ज्युरा डोंगरात कोंते नावाचे चीज होते, त्यामागचे अर्थशास्त्र हेच. १९५८ पासून त्याला नावाचे कायदेशीर संरक्षण आहे. ठरलेल्या जातीच्याच गाई, मुरघास घालायचा नाही, खाणे मुख्यतः स्थानिक गवत आणि सुके गवत. त्यामुळे दूध कमी निघते, पण त्या दुधाला बाकीच्या फ्रान्सपेक्षा बराच जास्त भाव मिळतो. डोंगराची मर्यादा त्यांनी मालाची ओळख केली आणि ती कायद्याने बांधून घेतली. नागपूरची संत्रा बर्फी देशभर जाते. संत्रा आमच्याकडे आहे, खव्याचे दूध आमच्याकडे आहे, आणि बर्फी मात्र बाहेर होते. तेव्हा पांढुर्ण्याच्या औद्योगिक धोरणात बर्फीचा खवा हा विषय कोणी मांडला तर त्याला हसू नये.

मात्र खव्याचे गोडवे गाताना चुलीपुढे कोण बसते ते पाहिले पाहिजे. कढई तासन्‌तास ढवळायची, डोळ्यांत धूर, सरपण पुन्हा तिनेच आणायचे. कोठ्याचे सगळे अर्थशास्त्र बाईच्या न मोजलेल्या तासांवर उभे आहे. पहाटे शेण, धार, केंद्रावर चक्कर, दुपारी चारा, संध्याकाळी पुन्हा धार. रोजचे तीन-चार तास सहज जातात, आणि त्याला सुट्टी नाही. वर मी मांडलेल्या गवळाऊच्या हिशेबातले साडेदहा हजार या तासांवर वाटले तर तासाला दहा रुपयेही पडत नाहीत. देशी गाय परवडते असे म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांनी हा आकडा झाकून ठेवता कामा नये. म्हणून कुट्टी यंत्र, कोठ्यापर्यंत पाण्याचा नळ, गावातच शीतकरणाची टाकी, खव्यासाठी धूर न होणारी भट्टी, या गोष्टी मला नव्या गाईपेक्षा कितीतरी आधी हव्या वाटतात. आणि दुधाचा पैसा तिच्या स्वतःच्या खात्यात जायला हवा. सभासद पुस्तकावर नवऱ्याचे नाव आणि रांगेत बायको, ही रीत अजून फार ठिकाणी आहे.

एक मुद्दा लोक दबक्या आवाजात बोलतात, तो उघड बोललेला बरा. भाकड गाय आणि गोऱ्हा यांना बाजारात पूर्वी किंमत होती. ट्रॅक्टर आल्यावर गोऱ्ह्याची किंमत घटली. मध्य प्रदेशात २००४ चा कायदा आणि महाराष्ट्रात २०१५ पासूनचा कायदा आल्यावर भाकड जनावर विकणे अवघड आणि जोखमीचे झाले. कायद्यामागच्या श्रद्धेचा मी मान ठेवतो. माझ्याही घरात गाईला पहिला घास दिला जातो. पण श्रद्धा सगळ्या समाजाची आणि खर्च एकट्या कोठेवाल्याचा, ही वाटणी न्यायाची नाही. परिणाम समोर आहे. लोक म्हशीकडे वळतात, कारण म्हशीला अजून बाजार आहे. आणि गाई रात्री कोणाच्या तरी शेतात किंवा महामार्गावर सोडल्या जातात. गवळाऊ टिकवायची असेल तर तिच्या म्हातारपणाचा चारा कोणी द्यायचा हे ठरवावे लागेल. गोशाळेला अनुदान देता येते तसे ते भाकड गाय घरी सांभाळणाऱ्यालाही देता येईल, आणि त्याने शेण बागेला मिळेल ते वेगळे.

नवा जिल्हा झाल्याला फार वर्षे झाली नाहीत. अजून सवयी बसायच्या आहेत, म्हणून मागायची ही वेळ आहे. पशुसंवर्धनाच्या आढाव्यात किती गाई वाटल्या आणि किती रेतने झाली हे विचारले जाते. एप्रिल ते जून गावात किती चारा लागेल आणि किती आहे, हे विचारले जात नाही. हा हिशेब ग्रामसभेत एका दुपारी होतो. एका मोठ्या जनावराला रोज सहा किलो कोरडा चारा धरला तर ९० दिवसांना ५ क्विंटल ४० किलो. २०० जनावरांच्या गावाला १,०८० क्विंटल. त्यातले घरचे कुटार किती, चरनोईवर गवत राखले तर कापून किती मिळेल, घाटावरून मक्याच्या धांड्यांची कुट्टी किती आणावी लागेल आणि तिच्या भाड्यातला किती वाटा बागवानांनी खताच्या बदल्यात उचलावा, एवढे चार आकडे दिवाळीच्या आत फळ्यावर लिहिले गेले पाहिजेत. कारण मका दिवाळीच्या सुमारास निघतो आणि त्यानंतर धांड्यांना काडी लागते.